रनिंग शूज घेताना मशीनकडे नाही, बोटांकडे बघा

आधी ठरवा कशासाठी पळताय. डांबरी रस्त्यावर आठवड्यातून तीन-चार दिवस पाच-दहा किलोमीटर पळणाऱ्याला एक साधा डेली ट्रेनर, म्हणजे रोजच्या पळण्याचा बूट, पुरतो, आणि मुंबई मॅरेथॉनची तयारी करणाऱ्यालाही बहुतेक ट्रेनिंगसाठी तोच पुरतो. कार्बन प्लेटवाले, म्हणजे सोलमध्ये कडक कार्बनची पट्टी असलेले शूज रेससाठी असतात, ग्रुपमध्ये कोणीतरी घेतले म्हणून रोज सकाळी ते घालून रमतगमत पळायचं म्हणजे पैशाचा चुराडा. सिंहगडाची पायवाट करायची असेल तर खाली दाते असलेले ट्रेल शूज वेगळे घ्या, रोडचे शूज ओल्या मातीवर सरळ घसरतात.

दुकानात संध्याकाळी जा, पळतानाचे सॉक्स घेऊन. दिवसभरात पाय थोडे सुजतात, लांब पळताना पण सुजतात.

आता ते ओल्या पायाच्या ठशाचं, म्हणजे ओला पाय जमिनीवर उमटवून तळव्याची कमान बघायची आणि त्यावरून बूट ठरवायचा. फ्लॅट फूट असेल तर स्टॅबिलिटी शू (पाय आत कलू नये म्हणून आधार देणारा), कमान उंच असेल तर कुशनवाला, हे इतकी वर्षं इतक्या लोकांनी सांगितलंय की ते खरंच वाटायला लागतं. दुकानात तर आता मशीन असतं, त्यावर उभं राहिलं की स्क्रीनवर लाल-निळा पाय दिसतो आणि सेल्समन गंभीर चेहऱ्याने महागातली पेअर घेऊन येतो. अमेरिकन सैन्याने हे नवीन भरती झालेल्या हजारो जणांवर तपासून बघितलंय, काहींना तळव्याच्या आकाराप्रमाणे शूज दिले, बाकीच्यांना आकार न बघता एकाच प्रकारचे दिले, आणि ट्रेनिंगमधल्या दुखापतींमध्ये म्हणावा असा फरक पडला नाही. त्यामुळे मशीनवर हौस म्हणून उभे राहा, निर्णय त्यावर घेऊ नका. जुनी दुखापत असेल किंवा डायबेटिसमुळे पाय बधिर असतील तर डॉक्टरला विचारा, सेल्समनला नाही.

खरी अडचण असते पुढच्या भागात, म्हणजे बोटांना किती जागा आहे त्यात. माझा सगळ्यात जास्त वेळ हे कळण्यात गेला, कारण ऑफिसच्या बुटांची सवय असते, बूट टाइट बसला की आपल्याला वाटतं मस्त फिट आला. पळताना प्रत्येक पावलाला पाय आत थोडा पुढे सरकतो. जागा नसेल तर बोट पुढे आपटत राहतं आणि नख काळं पडतं, मग लोक त्या काळ्या नखाचे फोटो मेडलसारखे मिरवतात. अरे, तो बहुतेक वेळा बूट लहान असल्याचा पुरावा आहे! साताऱ्याची हिल मॅरेथॉन ज्यांनी केलीय त्यांना विचारा, यवतेश्वरचा घाट चढताना फक्त दम लागतो, बूट लहान आहे हे उतरताना कळतं.

तर तपासायचं असं. बसून नाही, उभं राहून, दोन्ही पायांवर वजन देऊन. सगळ्यात लांब बोटाच्या पुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, साधारण एक सेंटीमीटर तरी. लांब बोट अंगठाच असेल असं नाही, अनेकांचं दुसरं बोट लांब असतं. दोन पायही सारखे नसतात, मोठ्या पायाच्या मापाने घ्या. सेल्समन वरून दाबून 'बरोब्बर आहे सर' म्हणतो त्यावर जाऊ नका, कोणी बोट दाबायला आलं की आपण नकळत ते आखडून घेतो. त्यापेक्षा आतला इनसोल बाहेर काढा (काहींमध्ये चिकटवलेला असतो, तो उपटू नका), जमिनीवर ठेवा, टाच मागच्या कडेला लावून त्यावर उभे राहा. पुढे किती जागा उरली ते लगेच दिसतं, आणि करंगळी बाहेर सांडतेय का तेही दिसतं.

करंगळी सांडत असेल तर बूट अरुंद आहे, लहान नाही. इथे बहुतेक लोक एक साइझ मोठा घेतात, आणि तो सल्ला मला अजिबात पटत नाही. लांबी वाढली की टाच आत वरखाली व्हायला लागते आणि बूट जिथे वाकायला पाहिजे तो भाग चवड्याच्या पुढे जातो. मग टाचेला फोड येतात. अशा वेळी त्याच नंबरात वाइड मागा, पुरुषांसाठी बॉक्सवर २ई लिहिलेलं असतं. आपल्याकडे दुकानात वाइड क्वचितच ठेवतात, 'वापरून सैल होईल' असं सांगून नेहमीचाच गळ्यात मारतात, होत नाही, निदान पाहिजे तेवढा होत नाही. चवडा रुंद असलेल्या बायकांनी पुरुषांचं मॉडेल घालून बघायला अजिबात संकोच करू नये, ते मुळातच रुंद असतं, फक्त नंबर त्या हिशोबाने बदला.

टाच थोडीच हलत असेल तर बूट परत करण्याआधी लेस बदलून बघा. सगळ्यात वरचं जास्तीचं भोक असतं ना, ते शोभेचं नाही. लेस त्याच बाजूच्या त्या भोकातून आत घालून छोटा फास ठेवा, दोन्ही बाजूंना, मग एकीकडची लेस दुसरीकडच्या फासातून ओढून गाठ मारा. टाच बसते.

मग दुकानात पळा, लोक बघू देत. 'नंतर सवय होईल' असं मनात आलं तर तो बूट खाली ठेवा.

ऑनलाइन घेताना यूके-यूएस बघून घ्या, पुरुषांमध्ये बऱ्याच ब्रँडचा यूके ८ म्हणजे यूएस ९, आदिदासचा यूके ८ मात्र यूएस साडेआठ. आणि तुमचं जुनं मॉडेल आवडतं म्हणून नवीन व्हर्जन डोळे झाकून मागवू नका, नायकीचा पेगॅसस ४० बसला म्हणून ४१ बसेलच असं नाही. मागच्या वर्षीचंच मॉडेल सेलमध्ये मिळालं तर बिनधास्त घ्या. पहिले काही दिवस रिटर्नची मुदत संपेपर्यंत घरातच घालून फिरा.

रेसच्या दिवशी नवे शूज नकोत. भिजले तर आत वर्तमानपत्र कोंबून पंख्याखाली, उन्हात नाही. साधारण ५०० ते ८०० किलोमीटरनंतर सोलमधला फोम दबून बसतो, वरून बूट नवाकोरा दिसत असला तरी पोटऱ्या आणि गुडघे कुरकुरायला लागले की दुसरी पेअर बघायला लागा, जुनी भाजी आणायला वापरा.