वाइनचं कॅराफ निवडताना: दुकानात पाण्याची बाटली सोबत न्या

माझं पहिलं कॅराफ, म्हणजे वाइन टेबलावर आणायचं काचेचं भांडं, बदकाच्या आकाराचं होतं. वळवलेली मान, शेपटीची मूठ, काय विचारू नका! येणारा प्रत्येक पाहुणा आधी त्यालाच हात लावायचा. पण दोनतीन जेवणांतच त्याच्या पोटाच्या वळणात तांबडा थर बसला. तिथे ना बोट पोचेना, ना ब्रश. जुलैत आतली ओल सुकेना आणि कुबट वास सुटला. आता त्यात मनीप्लांट आहे, आणि तो छान वाढतोय.

दुसरं घ्यायला निघाले तेव्हा शेजारच्या काकांना विचारलं. काका तारवटी, बोटीवर जेवणाच्या टेबलावर वाढण्यात उमर गेली. ते एवढंच म्हणाले, "पयलीं उदक वोतून पळय गो." (आधी पाणी ओतून बघ गं.) म्हणून म्हापशाच्या बाजारात जाताना पिशवीत पाण्याची लिटरची बाटली टाकली. दुकानदाराने भुवया उंचावल्या, पण ओतू दिलं.

कॅराफ हे साधं, नुसतं वाढायचं भांडं. डिकँटर त्याचा भाऊ: जुन्या वाइनचा गाळ मागे ठेवायला आणि तरुण वाइनला वारा द्यायला. दुकानात दोन्ही नावं सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात, त्यात अडकू नका. गोव्यात फेणीचा गराफांव, म्हणजे काचेची मोठी बाटली, माहीत नाही असं घर विरळाच. पोर्तुगीजमध्ये 'गार्राफा' म्हणजे बाटली, आणि कॅराफ हा शब्दही त्याच घराण्यातला.

तुमच्या घरी काय प्यायलं जातं, ते आधी ठरवा. नाशिककडची नवी, तुरट रेड वाइन असेल तर रुंद पोटाचं घ्या. अर्धा तास हवा लागली की तिचा तुरटपणा मऊ होतो. व्हाइट वाइन किंवा आपली गोड पोर्ट वाइन थंडच द्यायची, तिला सडपातळ कॅराफ पुरतं. फसफसणारी वाइन बाटलीतच राहू द्या, ओतली की फेस गेला.

मापाचा हिशेब सोपा आहे. बाटली 750 मिलीची असते, कॅराफ 1 ते 1.5 लिटरचं हवं. दुकानात 750 मिली पाणी ओता आणि बाजूने बघा: पाण्याची पातळी पोटाच्या सर्वांत रुंद भागापाशी आली तर वाइनला भरपूर हवा मिळेल. गळ्यापर्यंत चढली तर ते रेडसाठी नको.

आता ते भरलेलं कॅराफ एका हाताने उचला. काच किलोभराची असेल तर हातात पावणेदोन किलो येतात. मनगट थरथरलं तर दिसायला कितीही देखणं असो, परत ठेवा. पाहुण्यांसमोर दोन हातांनी घागर ओतल्यासारखं दिसतं. मग सावकाश ओता आणि झटकन थांबा. शेवटचा थेंब काठावरून आत परतला तर उत्तम. बाहेरून ओघळून बुडाशी गेला, तर प्रत्येक वेळी टेबलक्लॉथवर तांबडं कडं उमटणार. मी सहा कॅराफं तपासली, त्यातली चार ओघळली. सर्वांत महागडंही त्यातच.

काच पारदर्शक हवी, रंग दिसायला हवा ना! बोरोसिलिकेटची काच हलकी असते. जड, लखलखणारं जुनं क्रिस्टल मात्र जपून: पारंपरिक लेड क्रिस्टलमध्ये 24 टक्के किंवा जास्त लेड ऑक्साइड असतं आणि वाइनच्या आम्लामुळे त्यातलं लेड, म्हणजे विषारी शिसं, हळूहळू तिच्यात उतरतं. वारशात आलं असेल तर शोभेला ठेवा. नवीन घेताना 'लेड-फ्री' लिहिलेलंच मागा.

बूड रुंद असेल तितकं बरं. बोटीवरची डिकँटरं बुडाला मुद्दाम पसरट करतात, म्हणजे लाटेने बोट हलली तरी कलंडत नाहीत. आमच्या टेबलावर शागोतीचं पातेलं, पोळ्यांचा डबा आणि धावणारी दोन पोरं असतात, म्हणजे लाटाच त्या!

गोव्यात आणखी एक गोष्ट बघावी लागते. रेड वाइन 'खोलीच्या तापमानाला' द्यावी म्हणतात, ते तापमान 16 ते 18 अंशांचं. आमच्या मे महिन्यातल्या खोलीचं ते नव्हे! बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, मगच कॅराफमध्ये ओता. व्हाइटसाठी बर्फाचा वेगळा कप्पा असलेलं कॅराफ मिळतं. बर्फ वाइनमध्ये विरघळत नाही. बाहेरून मात्र कॅराफला घाम फुटतो आणि ते हातातून निसटतं, म्हणून गळ्याला कॉटनचा नॅपकिन गुंडाळा.

आणि हो, त्याच कॅराफमध्ये सोलकढी देऊ नका. नारळाच्या दुधाचा तेलकट थर काचेला चिकटून बसतो आणि पुढच्या वाइनला त्याचा वास लागतो.

धुण्याचा विचार विकत घेतानाच करा. गळ्यातून बाटलीचा ब्रश आत गेला पाहिजे. नाही गेला तर मूठभर उकडे तांदूळ आणि कोमट पाणी घालून गोल गोल फिरवा, डाग सुटतात. साबण शक्यतो नकोच, त्याचा वास राहतो. मग लाकडी डावाचा दांडा जड तांब्यात उभा करून त्यावर कॅराफ उलटं ठेवा, काठ टेकू न देता. पावसाळ्यात रात्रभर पंख्याखाली.