पहिल्या महिन्यात मुलांशी नातं कसं जोडाल

दुसरीत असताना मी बाईंना घरच्या कोकणीत म्हटलं, ‘म्हाका कळूंक ना,’ म्हणजे ‘मला कळलं नाही.’ ‘मराठीत सांग,’ म्हणून त्यांनी मला उभं केलं. मला सांगता येईना. पुढे दिवाळीच्या सुट्टीपर्यंत मी वर्गात तोंड उघडलं नाही. आज गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका मराठी प्राथमिक शाळेत मी शिकवते, ती त्या उभ्या राहिलेल्या मुलीसाठी. नव्याने रुजू होणाऱ्यांना जे सांगायचं, तेही तिच्याच बाजूने सांगते.

जूनमध्ये मुलं भिजत येतात. पहिल्या दिवशी हजेरीपट उघडण्याआधी दारात उभ्या राहा आणि प्रत्येकाशी त्याच्या घरच्या बोलीत एक वाक्य बोला. ‘वाटेर पावस मेळ्ळो?’ म्हणजे ‘वाटेत पाऊस लागला का?’ एवढं पुरतं. कामासाठी कर्नाटकातून आलेल्या कुटुंबांची मुलं असतील, तर ‘ऊटा आय्ता?’ म्हणजे ‘जेवण झालं का?’ हे शिकून घ्या. तुमचा उच्चार चुकेल, मुलं हसतील, दुरुस्त करतील. करू द्या. बाईही चुकून शिकतात हे त्यांना पहिल्याच दिवशी दिसतं.

मग भिंतीवर एक मोठा कागद लावा. उदक आणि पाणी, सुणें आणि कुत्रा, न्हंय आणि नदी, फाल्यां आणि उद्या. शब्द मुलांनी सांगायचे, तुम्ही लिहायचे. कन्नड मूल ‘नीरू’ म्हणालं की तिसरा रकाना उघडायचा. मराठी शिकवायचीच आहे, पण घरचा शब्द पुसून नव्हे.

एक दोनशे पानी वही घ्या आणि प्रत्येक मुलाला काही पानं द्या. गुण लिहू नका. घरी कोण आहे, शाळेत कोण सोडतं, कशाची भीती वाटते, आणि तुम्हाला येत नाही असं त्याला काय येतं, ते लिहा. ही चौकशी वर्गात सगळ्यांसमोर नको. मधल्या सुट्टीत त्यांच्याबरोबर चटईवर बसून पावभाजी खाताना मुलं आपणहून बोलतात. तुम्ही घाई करू नका.

‘त्याला काय येतं’ हे मी उशिरा शिकले. तिसरीतला एक मुलगा मार्चमध्ये रोज उशिरा यायचा. एकदा मी त्याला सगळ्यांदेखत रागावले. तो खाली मान घालून बसला, तेव्हा माझं लक्ष त्याच्या बोटांकडे गेलं. सालं निघालेली. ओल्या काजूबिया फोडताना सालीतलं तेल लागलं की कातडी अशी सोलवटते. संध्याकाळी त्याच्या घरी गेले. पहाटे आजीबरोबर बसून तो बिबे, म्हणजे ओले काजूगर, काढायचा आणि आजी ते वाळपईच्या बाजारात न्यायची.

दुसऱ्या दिवशी वर्गासमोर मी त्याची माफी मागितली. जिथे रागावलात तिथेच माफी मागायची; बाजूला घेऊन मागितलेली माफी वर्गापर्यंत पोचत नाही. मग त्याला विचारलं, बिबे मोजतोस कसे? बिबे शेंकड्यावर विकतात. तो दहा-दहाचे ढीग लावायचा, दहा ढीग झाले की एक शेंकडो. फळ्यावर एकक, दशक, शतक लिहून मी दोन आठवडे घसा कोरडा केला होता. त्याने चिंचोक्यांचे ढीग लावून सगळ्या वर्गाला ते एका तासात शिकवलं. त्याच्या उशिराबद्दल आजीशी बोलले. परीक्षेपर्यंत बिबे काढायचं काम तिने एकटीने उरकलं.

चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधी मी मुलांना माटोळीचं सामान सांगायला लावते. माटोळी म्हणजे गणपतीच्या वर टांगायची, रानातल्या फळा-पानांनी सजवलेली चौकट. कांगल्या कुठल्या झाडीत मिळतात, कवंडळ कुठे लोंबतं, आंबाडे कोणाच्या कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, आहेत. अभ्यासात मागे मानलेली मुलं इथे पुढे असतात. तुम्ही वही घेऊन बसा आणि विद्यार्थी व्हा. चवथीला घरी बोलावलं तर जरूर जा, मात्र एकाकडे गेलात तर कोणाचंच घर चुकवू नका.

शिस्तीबद्दल थोडंच सांगते. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या १७व्या कलमाने मारण्याबरोबरच मानसिक छळालाही बंदी आहे. छडी सोडणं सोपं असतं. टोमणा, तुलना, ‘तुझ्या भावाला तरी येत होतं’ हे सोडायला वेळ लागतो. ‘कळलं नाही’ म्हणणाऱ्या मुलाला माझ्या वर्गात कधीच उभं करत नाही. मी त्याच्याशेजारी जाऊन बसते.

सरकारी शाळेत बदली ठरलेलीच. जाताना वहीतली घरगुती दुःखाची पानं फाडून घ्या. ‘याला काय येतं’ ही पानं मात्र नव्या बाईंच्या हातात द्या.