जुलाबानंतर दूध पचत नसेल तर

जुलाब थांबले, पण दूध प्यायल्यावर तासा-दोन तासांत मुलाचं पोट पुन्हा फुगतं, गुडगुडतं, आंबट वासाची पातळ शी होते आणि शीची जागा लाल होते? जुलाबात लहान आतड्याचं अस्तर सोलवटतं आणि दुधातली साखर (लॅक्टोज) पचवणारं लॅक्टेज हे एन्झाइम तिथेच तयार होतं. अस्तर भरून आलं की बहुतेकदा दोन-चार आठवड्यांत दूध पुन्हा पचू लागतं. म्हणून ‘याला दूध चालतच नाही’ असा शिक्का लगेच मारू नका.

तोवर नुसतं दूध, खीर, पेढे थांबवा. घरचं नीट लागलेलं दही किंवा ताक जेवणासोबत थोडं देऊन बघा. विरजणातले जिवाणू काही लॅक्टोज आधीच संपवतात. कॅल्शियमसाठी नाचणी आहेच, 100 ग्रॅममध्ये 300 मिलिग्रॅमहून जास्त. मग दूध अर्ध्या कपापासून, जेवणानंतर सुरू करा.

अंगावरचं दूध मात्र तोडू नका, आजी कितीही म्हणाली तरी. शीमध्ये रक्त, अंगावर गांधी, वजन न वाढणं, लघवी कमी होणं यांपैकी काही दिसलं तर थेट डॉक्टरांकडे. रक्त, गांधी किंवा वजन न वाढणं यामागे दुधाच्या प्रथिनांची ॲलर्जीही असू शकते आणि त्या ॲलर्जीत दही-ताकही चालत नाही.