दोन देशांच्या मैत्रीवरील अग्रलेख कसा वाचावा

नागपुरातील धंतोली भागातल्या एका अभ्यासिकेत दर रविवारी सकाळी मी स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांबरोबर वर्तमानपत्रांची संपादकीय पाने वाचतो. परराष्ट्र व्यवहारावरील लेख आला की बहुतेकांची पेन्सिल पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत अधोरेखित करीत जाते, कारण हे लेख ठाम भाषेत लिहिलेले असतात आणि दोन देशांची घट्ट मैत्री हा विषयच असा आहे की वाचक नकळत एका बाजूला जाऊन बसतो. पुढे दिलेली पद्धत त्या रविवारांतून तयार झाली आहे. तिच्यासाठी कागदावर छापलेला एक लेख, एक पेन्सिल आणि पाऊण तास एवढे पुरते.

प्रथम मजकूर कोणाचा आहे ते पाहावे. नाव नसलेला अग्रलेख ही त्या वृत्तपत्राची भूमिका असते, तर नावासह छापलेल्या लेखाची जबाबदारी त्या लेखकाची असते. लेखाखालील परिचयाची ओळ बारीक टाइपात असली तरी ती वगळू नये. लेखक निवृत्त राजदूत असेल, तर त्या देशाची आतली माहिती त्याच्याकडे असते आणि तिथल्या माणसांविषयी जिव्हाळाही असतो; दोन्हींचा परिणाम लेखावर होतो. लेख इंग्रजीतून अनुवादित असेल, तर त्यातील ‘आपण’ म्हणजे नेमके कोण, हे तपासावे. मूळ लेखक अमेरिकी वाचकाला उद्देशून ‘आपण’ म्हणत असतो आणि अनुवादात तो शब्द तसाच उतरला की नागपूरचा वाचक अमेरिकेची चिंता स्वतःची म्हणून वाहू लागतो.

त्यानंतर लेख बाजूला ठेवून करार वाचावा. माझ्या मते सर्वाधिक वेळ येथेच द्यावा, आणि नेमकी हीच पायरी सर्वाधिक वगळली जाते. ९ ऑगस्ट १९७१ रोजी नवी दिल्लीत दोन्ही देशांचे परराष्ट्रमंत्री स्वर्णसिंग आणि आंद्रेई ग्रोमिको यांनी सही केलेल्या भारत-सोव्हिएत कराराविषयी मी अनेक वर्षे असे सांगत होतो की, त्यामुळे भारतावर हल्ला झाल्यास सोव्हिएत संघ युद्धात उतरण्यास बांधील होता. एका रविवारी मागच्या बाकावरील विद्यार्थिनीने शांतपणे विचारले, “सर, हे कोणत्या कलमात आहे?” आम्ही तेथेच करार उघडला. नववे कलम दोन गोष्टी सांगते. दोहोंपैकी एका देशाशी सशस्त्र संघर्ष करणाऱ्या तिसऱ्या पक्षाला दुसऱ्या देशाने कोणतेही साहाय्य करू नये, ही एक. हल्ला किंवा हल्ल्याचा धोका निर्माण झाल्यास दोन्ही देशांनी तो दूर करण्यासाठी आणि योग्य, परिणामकारक उपाय योजण्यासाठी तातडीने परस्परांशी विचारविनिमय करावा, ही दुसरी. सैन्य पाठवण्याचे बंधन त्यात नाही. शिवाय चौथ्या कलमात भारताच्या अलिप्ततेच्या धोरणाचा आदर करण्याचे आश्वासन आहे, जे लष्करी गटाच्या करारात शोधूनही सापडणार नाही. त्या दिवसापासून मी ते जुने वाक्य उच्चारलेले नाही.

याचा अर्थ तो करार कुचकामी होता असा नाही. डिसेंबर १९७१मध्ये सुरक्षा परिषदेत युद्धबंदीचे ठराव आले, तेव्हा सोव्हिएत संघाने नकाराधिकार वापरून ते अडवले आणि बांगलादेशाच्या मुक्तीपर्यंतचे मोलाचे दिवस भारताला मिळाले. मात्र असे करण्याचे बंधन कलमात लिहिलेले नव्हते. तो त्या घटकेचा राजकीय निर्णय होता. कलमाने बांधलेली गोष्ट आणि हितसंबंधातून घडलेली गोष्ट लेखकाने वेगळी ठेवली आहे की एकत्र कालवली आहे, हे पाहिले की लेखाचा दर्जा समजतो.

करारात क्रियापद शोधावे, कारण बांधिलकीचे सारे वजन त्यावर असते. ‘विचारविनिमय करतील’ हे सर्वांत हलके. ४ एप्रिल १९४९च्या नाटो कराराचे पाचवे कलम एका सदस्यावरील सशस्त्र हल्ला सर्वांवरील हल्ला मानते, पण पुढे प्रत्येक देशाने ‘आवश्यक वाटेल ती कृती’ करावी, असे म्हणून निर्णय ज्याच्या त्याच्या हाती ठेवते. सशस्त्र बळाचा वापर हा त्यातील एक पर्याय आहे. हे कलम आजवर एकदाच, ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यांनंतर, लागू करण्यात आले. सप्टेंबर २०२५मध्ये सौदी अरेबिया आणि पाकिस्तान यांनी संरक्षण करार केला, तेव्हा ‘एकावरील आक्रमण ते दोघांवरील आक्रमण’ या वाक्यावर आपल्याकडे भरपूर लिहिले गेले. पण ते वाक्य संयुक्त निवेदनातून आलेले होते. निवेदन आणि करार या दोन वेगळ्या वस्तू आहेत आणि लेखकाच्या हाती त्यांपैकी कोणती होती, हे समासात लिहून ठेवावे. काही ठिकाणी तर करारच नसतो. अमेरिका आणि इस्रायल यांच्यात परस्पर संरक्षणाचा करार नाही. २०१६च्या सामंजस्य करारानुसार दहा वर्षांत ३८ अब्ज डॉलर्सचे लष्करी साहाय्य मात्र आहे. कागद नसूनही मैत्री एवढी भक्कम कशी, हा प्रश्न अशा वेळी लेखाने हाताळायला हवा.

यानंतर पुन्हा लेखाकडे वळावे आणि ‘बंधुराष्ट्र’, ‘ऐतिहासिक’, ‘काळाच्या कसोटीवर उतरलेली’ अशा शब्दांभोवती गोल करावेत. ते शब्द वगळून वाक्य पुन्हा वाचावे. काही माहिती शिल्लक राहिली, तर वाक्य टिकले.

पुढची पायरी समजावण्यासाठी मी विद्यार्थ्यांना एकदा नागपूरच्या झिरो माइलपाशी, म्हणजे जेथून अंतरे मोजली जात त्या जुन्या स्तंभापाशी, घेऊन गेलो. स्तंभाजवळच्या दगडावर गावांची नावे आणि मैल कोरलेले आहेत. हे मैल खरे आहेत, पण ते या दगडापासूनचे आहेत. जबलपूरच्या माणसाला ते जसेच्या तसे उपयोगाचे नाहीत. प्रत्येक अग्रलेखाचाही असा एक दगड असतो. जून ते ऑगस्ट २०१७मध्ये डोकलामच्या पठारावर भारत आणि चीनचे सैन्य ७३ दिवस समोरासमोर होते, तेव्हा आपल्याकडील लेखांत ईशान्य भारताला उर्वरित देशाशी जोडणारी सिलिगुडीची चिंचोळी पट्टी आणि चीन पठारावर बांधत असलेला रस्ता यांची चर्चा होती, जी रास्तच होती. पण ते पठार भूतान स्वतःचे मानतो आणि त्या देशाला काय हवे होते, हे फार थोड्या लेखांत आढळले. १९४९च्या भारत-भूतान करारात भूतानने परराष्ट्र व्यवहारात भारताच्या सल्ल्याने चालावे, असे दुसरे कलम होते; २००७मध्ये ते बदलून राष्ट्रीय हिताच्या प्रश्नांवर निकट सहकार्य करण्याचे कलम आले. हा बदल ठाऊक नसलेला लेखक भूतानविषयी आजही जुन्या सुरात लिहितो. म्हणून मैत्रीतील लहान देशाचे एखादे वृत्तपत्र अवश्य उघडावे. भूतानसाठी ‘कुएन्सेल’ आहे. मोठ्या देशाचे म्हणणे आपल्यापर्यंत आपोआप पोहोचते.

मग किमतीचा प्रश्न विचारावा. घट्ट मैत्रीत मिळालेल्या गोष्टींची यादी प्रत्येक लेख देतो. मोजलेल्या गोष्टींची यादी आपल्याला काढावी लागते. त्यासाठी संयुक्त राष्ट्रांतील मतदान हे उत्तम साधन आहे, कारण तेथे देशाला उघड भूमिका घ्यावी लागते. जानेवारी १९८०मध्ये अफगाणिस्तानातून परकीय, म्हणजे सोव्हिएत, फौजा मागे घेण्याच्या ठरावावर महासभेत भारत तटस्थ राहिला; २ मार्च २०२२ रोजी रशियाने युक्रेनमधून सैन्य मागे घ्यावे, या ठरावाच्या बाजूने १४१ देशांनी मत दिले, तेव्हा तटस्थ राहिलेल्या ३५ देशांत भारत होता. या तटस्थतेचे समर्थन करता येते आणि तिच्यावर टीकाही करता येते. मी स्वतः पहिल्या वेळी ती चूक होती असे मानतो आणि दुसऱ्या वेळची मला अधिक समजण्याजोगी वाटते. भारत-रशिया मैत्रीवरील लेख या दोन तारखांना स्पर्शही न करता संपत असेल, तर त्यातून निघणारा निष्कर्ष उत्तरात उतरवू नये, असे मी विद्यार्थ्यांना आग्रहाने सांगतो.

शेवटी लेखातील एक भाकीत निवडून ते कात्रणाच्या मागे तारखेसह लिहावे, आणि सहा महिन्यांनी पुन्हा पाहावे. आमच्या अभ्यासिकेतील पत्र्याच्या पेटीत अशी कात्रणे महिन्यानुसार बांधून ठेवलेली आहेत. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी नवीन पाने उघडण्यापूर्वी आम्ही एक जुना गठ्ठा सोडतो आणि प्रत्येक कात्रणाच्या मागे, ज्याने ते कापले त्याच्याच हाताने, काय घडले ते एका ओळीत लिहून घेतो.