पंधरा वर्षांची बाइक आरटीओत दाखवण्याआधी

खासगी मोटारसायकलला आपल्याकडे दरवर्षी फिटनेस (गाडी धडधाकट असल्याचा दाखला) लागत नाही, पीयूसी (धुराच्या तपासणीचा दाखला) तेवढी लागते. नोंदणी पंधरा वर्षांची. ती संपत आली की फॉर्म २५ भरायचा, गाडी आरटीओत दाखवायची आणि पुढची पाच वर्षं मिळवायची. ठाण्यातल्या एमएच ०४ आणि नवी मुंबईतल्या एमएच ४३ पाटीच्या २०१०-११ च्या गाड्यांची पाळी २०२५-२६ मध्ये येते. नियमाने सक्ती नसली तरी खाली दिलेली तपासणी दरवर्षी एकदा करावी. दसऱ्याला गाडी धुऊन हार घालतोच, पावसाळाही संपलेला असतो. त्याच सुट्टीत दोन तास काढले की पुरे.

बहुतेक जण तपासणीच्या नावाने इंजिनकडे धावतात. इंजिन बिचारं सहसा ठीक असतं. गाडी अडते ती कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं त्या वाट्या आणि गोळ्या), ब्रेक, लाइट आणि गंज यांच्यावर, कारण हे सगळं हळूहळू बिघडतं आणि रोज चालवणाऱ्याच्या अंगवळणी पडतं. म्हणून आधी बंद गाडी तपासा, मग चालवून पाहा आणि पीयूसी सगळ्यात शेवटी काढा. मुदत संपायच्या दोन महिने आधीपासून अर्ज करता येतो, तेव्हा हे काम निदान महिनाभर आधी उरका.

हँडल आणि कोनसेट

घोडबंदर रोडचे खड्डे, शिळफाट्याकडचा अवजड वाहतुकीने उखडलेला रस्ता, सायन-पनवेल महामार्गावरचे पुलांचे सांधे: या सगळ्यांचा मार कोनसेटवर बसतो. गाडी मधल्या स्टँडवर घ्या आणि कुणाला तरी मागे कॅरियरवर दाब द्यायला सांगा, म्हणजे पुढचं चाक उचलेल. आता फोर्कची (पुढचं चाक धरणाऱ्या दोन पायांची) खालची टोकं दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे हलवा. 'टक्' असा आवाज आला तर ढिलाई आहे. ती कोनसेटची की फोर्कच्या बुशची, हे कळण्यासाठी दुसऱ्याने वरची वाटी आणि फ्रेम यांच्या सांध्यावर बोट ठेवावं. तिथे हालचाल जाणवली तर कोनसेट.

मग हँडल एका बोटाने डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवा. मधोमध, म्हणजे गाडी सरळ चालते त्या जागी, हँडल किंचित अडखळून बसत असेल तर गोळ्यांनी वाटीत खाचा पाडल्यात. अशा वेळी नट आवळून देणारे मेकॅनिक भरपूर भेटतात. आवळल्याने ढिलाई जाते, पण खाच तशीच राहते आणि हँडल जड होतं. गाडी कमी वेगात डुलायला लागते. वरच्या-खालच्या वाट्या आणि गोळ्या असा पूर्ण सेट बदलणं हाच उपाय. पैसे इथे घाला, टाकीच्या रंगावर नको.

तिथेच फोर्कच्या चकचकीत नळीवर बोट फिरवा. तेलाचा ओघळ असेल तर ऑइल सील गेलं. नळीवर गंजाचे ठिपके असतील तर नवं सीलही महिन्या-दोन महिन्यांत फाटेल, कारण ते ठिपके त्याला कापतात. तेल दोन्ही पायांत सारख्याच मापाने भरून घ्या. माप गाडीच्या पुस्तकात असतं.

ब्रेक

ड्रम ब्रेकच्या पॅनलवर एक खूण असते आणि ब्रेकच्या आर्मवर बाण. ब्रेक पूर्ण दाबल्यावर बाण खुणेपर्यंत पोचला की शू (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे तुकडे) संपले. ही सोपी परीक्षा फसते ती एका जुगाडामुळे: शू झिजल्यावर आर्म दात्यांवरून एक घर मागे बसवतात. ब्रेक पुन्हा लागायला लागतो, पण बाण खोटं बोलतो. आत शू पसरवणारा कॅम गरजेपेक्षा जास्त फिरतो आणि एखाद्या दिवशी उलटून चाक जाम होऊ शकतं. आर्म आणि रॉड यांचा कोन विचित्र वाटला तर चाक उघडाच. ड्रमच्या आत कमाल व्यास कोरलेला असतो. ११० मिलीमीटरच्या ड्रमला सहसा १११, १३० च्या ड्रमला १३१. त्यापुढे झिजलेल्या ड्रमला नवे शू लावून उपयोग नाही.

मागच्या पायडलचा रिकामा खेळ साधारण २० ते ३० मिलीमीटर ठेवा. चेन ताणली की तो पुन्हा पाहावाच लागतो, कारण चाक मागे सरकल्यावर रॉड ओढला जातो आणि ब्रेक घासत राहतो. ड्रम तापतो, ॲव्हरेज पडतं आणि दोष कार्ब्युरेटरला दिला जातो. ब्रेक लाइटचा स्विचही याच पायडलवर असतो, तोही त्याच वेळी जुळवा. टॉर्क आर्मचा (ब्रेकचं पॅनल चाकाबरोबर फिरू न देणाऱ्या पट्टीचा) नट आणि त्यातली स्प्लिट पिन जागेवर आहे ना, तेही पाहा. पंक्चरवाल्याकडे चाक काढलं गेलं की ही पिन हमखास हरवते.

डिस्क असेल तर पॅडवरची खाच दिसतेय का ते बघा. एक पॅड जाड आणि दुसरं संपलेलं असेल तर कॅलिपरच्या (पॅड धरणाऱ्या भागाच्या) सरकत्या पिना गंजून अडकल्यात. नुसते पॅड बदलले तर पुन्हा तेच होईल. ब्रेक ऑइल चहाच्या रंगाचं झालं असेल तर बदला, एरवीही दर दोन वर्षांनी. झाकणावर लिहिलेल्या ग्रेडचंच घ्या आणि रंगावर सांडू देऊ नका, रंग उतरतो.

चेन आणि टायर

चेनचा ढिलेपणा खालच्या बाजूला मधोमध मोजायचा. बहुतेक १०० ते १५० सीसी गाड्यांना २५ ते ३० मिलीमीटर चालतो. चाक फिरवत चार-पाच जागी मोजा आणि सगळ्यात घट्ट जागेवरून सेटिंग करा. एका जागी घट्ट, दुसरीकडे लोंबती असा मोठा फरक असेल तर किट (चेन आणि स्प्रॉकेट म्हणजे दोन्ही दातेरी चाकं) संपलं. मागच्या स्प्रॉकेटवर चेन बोटाने मागे ओढून पाहा. अर्धा दात उघडा पडला तरीही तेच. दोन्ही स्प्रॉकेट आणि चेन एकत्रच बदला.

टायरच्या खोबणीत तळाशी उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं की टायर बाद. बाजूवरच्या चौकटीतले शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी बाजूला भेगा असतील तर बदला.

दिवे, हॉर्न, वायरिंग

खाडीची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांचा सगळ्यात जास्त त्रास वायरिंगला. इंडिकेटर लावल्यावर मागचा दिवाही लुकलुकला किंवा ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मंद झाला, तर बल्बांना दोष देऊ नका, अर्थिंग गंजलंय. फ्रेमला बसलेला अर्थिंगचा बोल्ट काढा, खालचा गंज आणि रंग पॉलिश पेपरने घासा, वरून थोडं ग्रीस लावून घट्ट बसवा. इंडिकेटर भरभर लुकलुकत असेल तर त्या बाजूचा एक बल्ब गेलाय, किंवा जुन्या फ्लॅशरवर (इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या डबीवर) कुणीतरी एलईडी बल्ब चढवलेत. मिनिटाला ६० ते १२० हा योग्य वेग.

ब्रेक लाइट पुढच्या लिव्हरने आणि मागच्या पायडलने असा वेगवेगळा तपासा. पुढचा स्विच बऱ्याचदा मेलेला असतो आणि कुणाच्या लक्षात नसतं. बॅटरीवर गाडी बंद असताना १२.६ च्या आसपास, चालू असताना रेस दिल्यावर १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत.

ज्यावर इन्स्पेक्टरचं लक्ष हमखास जातं

चॅसिस नंबर. अर्जावर त्याचा पेन्सिलने घेतलेला ठसा लागतो आणि जुन्या गाड्यांत तो गंजाखाली किंवा रंगाखाली गेलेला असतो. केरोसीनमध्ये भिजवलेलं फडकं अर्धा तास ठेवून नुसतं पुसा. तारेचा ब्रश किंवा पॉलिश पेपर मारू नका. अक्षरं पुसट झाली तर नंबर खोडल्याचा संशय येतो आणि मग खरी डोकेदुखी सुरू होते.

काढून टाकलेला साडी गार्डही परत लावा. मागे बसणाऱ्यासाठी हँडल, फूटरेस्ट आणि चाकाचा निम्मा भाग झाकणारं गार्ड केंद्रीय मोटार वाहन नियमांत सांगितलेलं आहे. दोन्ही आरसे, कंपनीचा सायलेन्सर आणि साधा हॉर्न हवा. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला एचएसआरपी (उच्च सुरक्षा नंबर) पाटी हवीच. आरसीवर बँकेचं नाव अजून असेल, तर कर्ज कधीच फिटलं असलं तरी ते उतरवून घ्या. विमा, थकलेली ई-चलानं आणि पर्यावरण कर आधीच निकालात काढा. नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ पासून ३०० ची १००० रुपये झाली आहे.

शेवटी पीयूसी

सायलेन्सर बहुधा खालच्या वळणाला कुजतो. घर ते स्टेशन एवढीच दोन-तीन किलोमीटरची फेरी असेल तर तो पुरता तापतच नाही आणि आत साचलेलं पाणी पत्रा खातं. भोक किंवा सांध्यात गळती असेल तर यंत्रात हवा मिसळते आणि आकडा चुकतो. आधी ते वेल्डिंग करून घ्या.

मग एअर फिल्टर साफ किंवा नवा, प्लगची फट पुस्तकाप्रमाणे (साधारण ०.७ ते ०.८ मिलीमीटर), इंजिन ऑइल ताजं आणि चोक लावलेला नको. प्लगचं टोक काळं, काजळी धरलेलं असेल तर पेट्रोल जास्त जातंय. निळा धूर दिसला तर मात्र कार्ब्युरेटर पिळून काही होणार नाही. रिंग किंवा व्हॉल्व्ह सील गेलेत. २००० नंतरच्या, बीएस ३ (भारत स्टेज ३ हे प्रदूषणाचं मानक) पर्यंतच्या फोर-स्ट्रोक गाड्यांना कार्बन मोनॉक्साइड ३.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ४५०० पीपीएम ही मर्यादा आहे. नीट सेट केलेली गाडी त्याच्या बरीच खाली राहते. त्यांची पीयूसी सहा महिनेच चालते, बीएस ४ पासून पुढच्यांची वर्षभर.

थंड गाडी केंद्रावर नेऊ नका. ठाणे-बेलापूर रोडवर किंवा पाम बीचवर पंधरा मिनिटं एकसारखी चालवा आणि लगेच तपासणीला लावा. आरटीओत जायच्या दिवशी डिकीत १०-१२ चा पाना, स्क्रू ड्रायव्हर आणि इंडिकेटर व टेल लाइटचे जादा बल्ब असू द्या. रांगेत उभं असतानाच बल्ब उडायची वेळ येते आणि दोष निघाला की गाडी दुरुस्त करून पुन्हा आणावी लागते.