किडनीचा कर्करोग महाशिरेत शिरल्यास: शस्त्रक्रियेपूर्वी काय विचारावे

स्कॅनच्या रिपोर्टमध्ये ‘आयव्हीसी थ्रॉम्बस’ असे लिहिलेले असेल, तर किडनीतील गाठीचा एक फाटा शिरेवाटे हृदयाकडे जाणाऱ्या महाशिरेत वाढला आहे, असा त्याचा अर्थ होतो. आजार दूरच्या अवयवांत पोहोचलेला नसेल, तर अशा अवस्थेतही बरे करण्याच्या उद्देशाने शस्त्रक्रिया करता येते. म्हणून घरच्या मंडळींनी रिपोर्ट वाचूनच आशा सोडू नये.

डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारावा तो फाट्याचे वरचे टोक कुठे आहे, हा, कारण पुढचे जवळजवळ सारे त्यावर ठरते. टोक किडनीच्या शिरेतच असेल, तर ते किडनीबरोबर निघते. ते यकृताच्या खाली असेल, तर महाशिरेला वरून-खालून चिमटे लावून ती उघडतात, फाटा काढतात आणि शीर शिवतात. यकृतामागे गेलेले असल्यास यकृत सैल करून बाजूला घ्यावे लागते; हृदयाच्या कप्प्यात पोहोचलेले असल्यास बहुधा हार्ट-लंग मशीन (शस्त्रक्रियेदरम्यान हृदय-फुप्फुसांचे काम करणारे यंत्र) आणि हृदयशल्यचिकित्सक लागतात. खानापूर, निपाणी किंवा चिकोडीहून बेळगावला येणाऱ्या कुटुंबाने म्हणूनच जवळच्या रुग्णालयापेक्षा ही सगळी पथके एकाच छताखाली असलेले रुग्णालय पाहावे, मग त्यासाठी बेंगळुरू किंवा मुंबई गाठावी लागली तरी चालेल.

फाटा वाढत राहतो, त्यामुळे महिन्यापूर्वीच्या फिल्मवर विसंबू नये आणि शस्त्रक्रियेच्या अगदी जवळच्या दिवसांतील सीटी किंवा एमआरआय आहे ना, याची खात्री करावी. अचानक दम लागल्यास तातडीने रुग्णालय गाठावे, कारण फाट्याचा तुकडा फुप्फुसात गेलेला असू शकतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःहून सुरू किंवा बंद करू नयेत.

बीपीएल कार्डधारकांनी आरोग्य कर्नाटक या राज्य सरकारच्या उपचार योजनेखालील मंजुरी आणि सरकारी रुग्णालयाचे रेफरल पत्र भरती होण्याआधीच मिळवावे. नंतर धावपळ फार होते.

दूरवर प्रसार नसलेल्या आणि गाठ पूर्ण निघालेल्या रुग्णांपैकी साधारण ४० ते ६५ टक्के पाच वर्षांनंतर हयात असल्याचे अनेक रुग्णालयांच्या नोंदी दाखवतात. टोक जितके वर, तितका शस्त्रक्रियेतील मृत्यूचा धोका वाढतो, हेही स्पष्ट विचारून घ्यावे. शिरेच्या भिंतीत किंवा लसीका ग्रंथींत कर्करोग आढळल्यास तो पुन्हा उद्भवण्याची शक्यता जास्त असते. क्लिअर सेल या किडनीच्या कर्करोगाच्या सर्वांत नेहमीच्या प्रकारात शस्त्रक्रियेनंतर सुमारे वर्षभर पेम्ब्रोलिझुमॅब हे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाविरुद्ध चालना देणारे औषध देता येते, मात्र ते अतिशय महाग असल्याने योजनेत बसते का, हे पॅथॉलॉजीचा रिपोर्ट हातात येताच विचारावे.