राउटरला दुसरा अडॅप्टर लावताना

राउटर किंवा सेट-टॉप बॉक्सचा अडॅप्टर गेला की घरातला कुठला तरी जुना काढून लावला जातो. पिन बसली म्हणजे चालेल, असं वाटतं. तेवढ्यावर भरवसा ठेवू नका. ५.५ मिलिमीटरची तीच गोल पिन ५, ९, १२ आणि १९ व्होल्टच्या अडॅप्टरलाही असते. ९ व्होल्टच्या राउटरला १९ व्होल्ट दिले तर बोर्ड जळू शकतो.

आधी उपकरणाच्या खालचं लेबल बघा, मग अडॅप्टरवरची ‘आउटपुट’ची ओळ. सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ असेल तर डीसी, लाटेसारखी खूण असेल तर एसी. हे दोन्हीकडे सारखं हवं. व्होल्टही तेवढेच हवेत. अँपिअर मात्र तेवढे किंवा जास्त चालतात. १२ व्होल्ट १ अँपिअरच्या राउटरला १२ व्होल्ट २ अँपिअरचा अडॅप्टर खुशाल लावा, राउटर लागेल तेवढाच करंट घेतो. अर्धा अँपिअरचा लावलात तर अडॅप्टर तापतो, व्होल्टेज पडतं आणि राउटर सारखा रीस्टार्ट होतो. मग आपण उगाच नेटवाल्याला फोन करत बसतो.

लेबलवरची वर्तुळं आणि अधिक-उण्याची खूणही जुळवा. बहुतेक अडॅप्टरमध्ये पिनच्या आतली बाजू अधिक असते, पण गिटारच्या बऱ्याच पेडलना उलटं लागतं. पिनचं भोक २.१ किंवा २.५ मिलिमीटरचं असतं. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. २.१च्या जागी २.५ची पिन घातली की ती सैल बसते आणि वायर हलली की राउटर बंद पडतो.

मल्टीमीटर असेल तर तो डीसी २० व्होल्टवर ठेवा. लाल टोक पिनच्या भोकात, काळं बाहेरच्या धातूवर. दोन्ही टोकं एकमेकांना लागू देऊ नका. १२ व्होल्टच्या अडॅप्टरला ११.४ ते १२.६ आलं तर ठीक. आकड्याआधी उणे दिसलं तर पोलॅरिटी, म्हणजे अधिक-उण्याची बाजू, उलटी आहे. जुने, ट्रान्सफॉर्मरवाले जड अडॅप्टर लोड नसताना, म्हणजे काही जोडलेलं नसताना, १५-१६ व्होल्टही दाखवतात. ते राउटरला लावूच नका. रीडिंग बरोबर येऊनही उपकरण चालू करताच बंद पडत असेल, तर अनेकदा अडॅप्टरमधला कपॅसिटर (चार्ज साठवणारा भाग) गेलेला असतो. अडॅप्टर उघडून दुरुस्त करण्यापेक्षा नवा घ्या, कारण आत २३० व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही काही वेळ चार्ज राहतो.

नवा घ्यायला मुंबईत ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जात असाल तर जुना अडॅप्टर आणि उपकरण, दोन्ही बरोबर न्या. बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह आणि नोंदणी क्रमांक असलेलाच घ्या. दुकानातच लावून पिन हलवून बघा.

लावताना बोर्डाचं बटण बंद ठेवा, पिन उपकरणात घाला, मग बटण दाबा. सॉकेट सैल किंवा तपकिरी पडलं असेल तर इलेक्ट्रिशियनकडून बदलून घ्या. समुद्राच्या खाऱ्या हवेनं आणि पावसाळ्याच्या ओलीनं आतल्या पट्ट्या गंजतात, सैल जागी ठिणग्या पडतात.

अमेरिकेतून आणलेल्या वस्तूवर ‘इनपुट १००-२४०’ असेल तर फक्त पिन बदलणारा ट्रॅव्हल अडॅप्टर पुरतो. नुसतं १२० व्होल्ट असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि तो वस्तूच्या वॅटपेक्षा निदान दीडपट क्षमतेचा घ्यावा.